तळमजल्यावरचा खर्ज

खोली बघायला गेलो तेव्हा आमच्या घरमालकांनी माझा पगार विचारला नाही, आडून आडून जात विचारली नाही, मित्र किती येणार तेही विचारलं नाही. गाणं ऐकता का, एवढंच विचारलं. मी अकोल्याहून नुकताच आलेलो, पुण्याच्या पाण्याचा अजून अंदाज नव्हता. हो, सगळ्या प्रकारचं ऐकतो, असं तोंडभरून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, सगळ्या प्रकारचं ऐकतो म्हणणारा माणूस काहीच ऐकत नसतो. असो, रविवारी सकाळी साडेआठला खाली या, उशीर करू नका. एवढं बोलून ते आत निघून गेले. मी अंगणात बॅग घेऊन उभा. खोली मला मिळाली की नाही, काही कळेना. शेवटी काकूंनी किल्ली आणून हातात दिली तेव्हा उलगडा झाला.

पुण्यातले घरमालक दारावर पाट्या लावतात म्हणे. आमच्या काकांनी एकही लावली नव्हती. गरजच नव्हती, ते स्वतःच पाटी होते. एकदा त्यांनी खालून हाक मारली तेव्हा मी आमच्या वऱ्हाडी सवयीनं 'जेवून राहिलो' असं वरून ओरडलो. राहा की, भाडं भरलंय तुम्ही, असं उत्तर आलं. असा माणूस. मला पहिले दोन महिने त्यांचा इतका राग यायचा की ऑफिसात बसून मी मनातल्या मनात त्यांना चोख उत्तरं द्यायचो. समोर गेलं की एकही आठवायचं नाही.

घर हडपसरला. तेव्हा आमच्या गल्लीच्या एका अंगाला कोथिंबिरीचे वाफे होते आणि दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारतींसाठी खोदकाम चाललेलं. काका जन्मले त्याच वाफ्यांत आणि नोकरी केली जवळच्याच एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये. प्रेस शॉप म्हणजे पत्र्यावर मणामणाचे ठोके मारणारी यंत्रं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पुढं देशाचे दरवाजे उघडले, बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांच्या कारखान्याला माणसं जड झाली. स्वेच्छानिवृत्ती म्हणून एक गोंडस नाव दिलं आणि काकांना घरी पाठवलं. आलेल्या पैशात त्यांनी वरचा मजला बांधला आणि आम्हा कॉम्प्युटरवाल्या पोरांना भाड्यानं दिला. माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, ज्यांच्यामुळे आमची नोकरी गेली ते हे. माझं वय तेव्हा तेवीस, मी कुणाचीही नोकरी घालवण्याच्या लायकीचा नव्हतो.

रविवारची बैठक म्हणजे काकांचा जीव की प्राण. गाणारं कुणी यायचं नाही बरं का. टेपवर कॅसेट लागायची आणि आम्ही ती ऐकायची. पण नियम असे की खऱ्या मैफलीत नसतील. चपला अंगणातच सोडायच्या, ओट्यावरसुद्धा नाही, कारण उशिरा येणारा त्यावरून घसरला तर आवाज होतो. उशिरा येणाऱ्यानं जिन्यावर बसायचं. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचा. मध्येच 'वा' म्हणायचं नाही. या 'वा'चा त्यांना विशेष तिटकारा होता. ते म्हणायचे, दाद ही गाणाऱ्याला द्यायची असते, टेपला कसली देता. आणि चहा, जलद बंदिश संपून कॅसेट खटकन थांबेपर्यंत, अजिबात नाही. आमच्या अकोल्यात मयतीला बसलेली माणसंही याहून मोकळी असतात.

ऐकायला नेमाने येणारे आम्ही तिघं. एक मी, कारण खोली टिकवायची होती. दुसरे चाचा. ते प्रेस शॉपमध्ये काकांच्या शेजारच्या यंत्रावर होते, बरोबरच घरी बसले, आणि भाजी मंडईमागं त्यांचं घर पिढ्यान्पिढ्यांचं. तिसरे डॉक्टर. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, उसाचे. मांजरी गावाच्या बाजूला उसावर संशोधन करायचे आणि काकांचा शब्द झेलायचे. काका बोलले की डॉक्टर मान हलवत, आणि पुढच्या रविवारी तेच वाक्य थोडं अवघड करून आम्हाला ऐकवत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचा गोंधळ नको. काकांचे कान चालले होते. प्रेस शॉपनं पगार दिला, पेढे दिले, दिवाळीला स्टीलचे डबे दिले आणि जाताना कान काढून घेतले. ते एकदम जात नाहीत. आधी सगळ्यात वरचे बारीक आवाज जातात, मग त्याखालचे, मग त्याखालचे. काकांना हे कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. ज्याच्या घरी लोक ऐकायला येतात त्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक एक तर यायचे थांबतील, नाही तर कीव म्हणून येतील. आणि कीव म्हणून आलेला श्रोता काकांच्या हिशेबी जिन्यावर बसण्याच्याही लायकीचा नव्हता. ती बैठक गेली असती तर काकांचं काय उरलं असतं, मला विचाराल तर काही नाही.

हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर काकांनी जे काही केलं त्याला आम्ही त्यांची आवड बदलतेय असं म्हणत होतो.

आवड सुरू कुठं झाली ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. गावातल्या चावडीवर रेडिओ होता, त्यावर नाट्यगीतं लागायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता काकांना ती सगळी पाठ झाली. मग मिसरूड फुटल्यावर हिवाळ्यात पुण्यात मोठी मैफल असते असं कळलं. सायकल मारत गेले, तिकीट काढायचं असतं हे ठाऊक नव्हतं, मांडवाबाहेर फुटपाथवर बसले. आत एक बाई गात होत्या. त्यांचा तार षड्ज लागला, म्हणजे अगदी वरचा 'सा', आणि काका सायकल कुठं लावलीय ते विसरले. घरी चालत आले. वडिलांनी झोडपलं. सायकल तिसऱ्या दिवशी एका पानवाल्याकडे सापडली. त्या दिवसापासून नाट्यगीतं बंद. ती आता त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी वाटायला लागली होती. त्या बाईंच्या कॅसेटी मात्र त्यांनी पुढं एकूण एक जमवल्या.

लग्नाची गोष्ट काकूंनी सांगितली. काका बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, गाता येतं का. काकू म्हणाल्या, नाही, आणि कळतही नाही. काका तिथल्या तिथं हो म्हणून आले. त्यांचं म्हणणं, घरात निदान एक माणूस तरी बेसूर गाणार नाही याची खात्री झाली. काकू हे सांगताना मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, मी आपलं खरं सांगायला गेले, तर यांना तेच गुण वाटले. रविवारी त्या कधीच बैठकीत बसायच्या नाहीत. स्वयंपाकघरात त्यांचं चिरणं, कुटणं चालू. फक्त मिक्सर कॅसेट संपल्यावर.

तर आवडीचं सांगत होतो. मी आलो त्या सुमारास काकांनी बासरी सोडलेली होती. बासरी हे दम लागलेल्या माणसाचं वाद्य आहे, असं ते म्हणत. काही महिन्यांनी व्हायोलिन गेलं. व्हायोलिन ऐकण्यापेक्षा मच्छरदाणी फाडून झोपावं. मग संतूर, मग सारंगीचा वरचा भाग. सारंगीचा वरचा भाग नको पण खालचा चालेल, हे मत मी जगात दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. आणि एका रविवारी तर कमालच. ज्यांच्यापायी सायकल हरवली होती त्या बाईंच्या सगळ्या कॅसेटी काकांनी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकल्या. म्हणाले, वर जाणं ही हौस झाली, गाणं खाली असतं, खर्जात. डॉक्टरांनी डोळे मिटून हे आत घेतलं. पुढच्या आठवड्यात ते आम्हाला सांगत होते की आपल्या संगीताचा खरा प्रवास अधोगामी आहे. उसातसुद्धा साखर बुडख्याकडं जास्त असते, हा त्यांचा पुरावा. मला वाटतं हा पुरावा ऐकून काकासुद्धा चपापले.

डॉक्टरांनी एवढ्यावर थांबावं की नाही? त्यांच्याकडे बासरीच्या आणि व्हायोलिनच्या उत्तमोत्तम कॅसेटी होत्या, आयुष्यभर जमवलेल्या. त्या त्यांनी उथळ म्हणून भाच्याला देऊन टाकल्या. भाच्यानं त्यावर सिनेमातली गाणी भरून घेतली. एका माणसाला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्या माणसानं आपलं भांडार रिकामं केलं, असं दुसऱ्या कुठल्या गावात घडेल मला वाटत नाही.

काका खालीच उतरत राहिले. आधी फक्त भारी आवाजाचे पुरुष गायक. मग रुद्रवीणा. मग गाणंच नको, नुसता पखवाज. घरात त्या दिवसांत कुकरच्या चार चार शिट्ट्या होऊन डाळीचा लगदा व्हायला लागला, कारण काकू बाहेर गेल्या असल्या की गॅस बंद करायचं काम काकांचं, आणि शिट्टी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी दोनदा वरून धावत आलो. हल्लीचे कुकर नीट वाजत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. मी ते खरं मानलं. कुकर बनवणाऱ्यांना मी शिव्यासुद्धा दिल्या.

हे फुटलं ते माझ्या कॉम्प्युटरमुळे. मी हप्त्यावर नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि उत्साहाच्या भरात काकांना सांगितलं की तुमच्या सगळ्या कॅसेटी मी सीडीवर उतरवून देतो, एकेका सीडीत दहा दहा मावतील. काकांना ते मुळीच पटलं नव्हतं, पण कॅसेटींना बुरशी लागत होती. पहिली सीडी लावली. जरा वेळ ऐकलं आणि त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, तानपुरा कुठाय. मी म्हणालो, आहे की मागं. ते म्हणाले, नाहीये, तुमच्या कंपनीनं खाल्ला. मी समजावलं की आवाजाची फाईल लहान करताना बारीकसारीक काही जातं, पण एवढं नाही. पुन्हा मोठ्या आकारात उतरवून दिली. तानपुरा नाही. आणखी मोठ्या आकारात. तरी नाही. आता एका सीडीत जेमतेम एक कॅसेट मावत होती, म्हणजे माझ्या सगळ्या उपद्व्यापाला काही अर्थ उरला नव्हता, आणि काका अख्ख्या आयटीला चोर ठरवून मोकळे झाले होते. मी वैतागलो. मूळ कॅसेट घेतली, टेपमध्ये घातली आणि म्हटलं, घ्या, यात तर आहे ना, आता दोन्हींत फरक दाखवा.

कॅसेट सुरू झाली. तानपुरा छान झंकारत होता. काका ऐकत राहिले. टेपचं तोंड उघडलं, कापसाला स्पिरिट लावून आतला हेड पुसला, पुन्हा लावली. पुन्हा ऐकलं. मग त्यांनी आवाज वाढवला, इतका की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली.

"तुम्हाला येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय काका."

"सगळा?"

मी नुसती मान हलवली. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की कॉम्प्युटर जाळून टाकावासा वाटला. काकांनी टेप बंद केला, कॅसेट डबीत घातली, डबी दोन वेळा नीट दाबली.

"रविवारी यातलं काही बोलायचं नाही," ते म्हणाले.

काकूंना मी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांना डाळीच्या पहिल्या लगद्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिक्षा आणायला सांगितलं, काकांना सदरा बदला म्हणाल्या, आणि आम्ही तिघं कॅम्पात एका कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं काकांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. काका कितीतरी वेळ बटणावर बोट ठेवून स्वस्थ बसले होते. काचेपलीकडून ते मला शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे दिसले. शेवटी जाडेभरडे आवाज आले तेव्हा भराभर बटण दाबायला लागले. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल, यंत्र लावा.

यंत्र लावलं आणि घरात नवाच तमाशा सुरू झाला. काकांना फ्रिज ऐकू यायला लागला. काकूंच्या बांगड्या, माझ्या चपला, रिक्षाचे ब्रेक, कागदाची घडी. एवढा आवाज करता तुम्ही सगळे, असं ते आम्हाला रागानं विचारायचे. काकूंचं बोलणं मात्र त्यांना लख्ख कळायला लागलं. काकू म्हणाल्या, हे काही माझ्या फायद्याचं नाही, इतकी वर्षं मी तोंडातल्या तोंडात काय काय बोलून घेत होते.

पण गाणं लावलं की घात. त्या यंत्राला माणसांचं बोलणं कळायचं, सूर कळायचे नाहीत. तंबोरा लागला की ते आतल्या आत कुईकुई करायचं, आणि ताना म्हणजे घमेल्यात खडी ओतल्यासारख्या. काकांनी बटणं फिरवून पाहिली, दोनदा कॅम्पात जाऊन बदलून आणलं, काही उपयोग नाही. यंत्र घातलं की माणसं ऐकू येत. काढलं की उरलंसुरलं गाणं. दोन्ही एकदम मिळत नव्हतं. मग त्यांनी आठवड्याची वाटणी केली. सोमवार ते शनिवार यंत्र कानात. रविवारी आठलाच ते काढून खिशात, म्हणजे डॉक्टरांच्या आणि चाचांच्या नजरेस पडायला नको. बैठकीत बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे त्यांचं निभावून जायचं. चहाच्या वेळी कुणी काही विचारलं की ते गूढ हसायचे, आणि डॉक्टर त्या हसण्याचा अर्थ लावायचे.

याच सुमारास आमची कंपनी हिंजवडीला गेली. शहाण्या माणसानं तिकडं खोली घेतली असती. मी हडपसरहून रोज कंपनीच्या बसमध्ये झोपत जायचो आणि झोपत यायचो, पुणं मी कित्येक वर्षं डोळे मिटूनच ओलांडलं. बरोबरची पोरं म्हणायची, तू येडा आहेस का, शिफ्ट हो ना यार. मी भाडं कमी आहे असं सांगायचो. खरं म्हणजे मला त्या दोघांना सोडवत नव्हतं.

एका शनिवारी काकांनी मला स्कूटरवर मागं बसवून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिकच्या बोळात नेलं. तिथं त्यांनी सबवूफर घेतला. सबवूफर म्हणजे नुसते खालचे आवाज घुमवणारा खोका. दुकानदाराला वाटलं नातवासाठी. काकांनी खोक्यावर तळहात ठेवून एकेक वाजवून बघितला आणि सगळ्यात दांडगा निवडला. घरी आणून तो आपल्या बसायच्या दिवाणाखाली सरकवला. आता तबल्यातला डग्गा वाजला की तो दिवाणातून थेट काकांच्या अंगात चढायचा. स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायच्या. गाणं बुडानं ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते, असं काकू म्हणाल्या.

या खोक्यापायी काकांची आवड पार सातासमुद्रापलीकडं गेली. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीशेजारी नागपूरचा एक पोरगा होता, तो रॉक ऐकायचा. काकांनी त्याची एक सीडी मागवून घेतली. नाट्यगीतांवर वाढलेला, सत्तरीला टेकलेला माणूस दिवाणावर मांडी घालून डोळे मिटून ती ऐकतोय, खाली खोका धडधडतोय आणि भिंतीवरचा दत्ताचा फोटो हलतोय. तो जाड तारांचं गिटार वाजवणारा गोरा माणूस खानदानी आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. घराणं कुठलं ते विचारून ठेवा, असंही मला सांगितलं. डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यात सबवूफर घेतला. त्यांच्या बायकोनं तो उसाच्या प्रयोगशाळेत ठेवायला लावला.

चाचांनी मला एकदा अंगणात चपला घालता घालता बाजूला घेतलं. काकांचं काहीतरी बिनसलंय का, असं त्यांनी विचारलं. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. चाचा हसले.

"मला कुठं ऐकू येतं रे बाबा," ते म्हणाले. "त्याच्या बाजूचंच मशीन होतं माझं. मी तर त्याच्या शेजारी बसायला येतो. त्याला बोलू नको."

म्हणजे बैठकीला ऐकायला येणारे आम्ही तिघं, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं, एकाला जे ऐकू येई ते नको होतं आणि मला कळत नव्हतं. आणि काका जिवाचा आटापिटा करत होते की या मंडळींना कळता कामा नये.

तो रविवार जानेवारीतला. पंखा बंद होता आणि काकूंनी दारं लोटून घेतली होती. आम्ही बसलो. काकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली. फडक्यानं पुसली. त्या बाईंची तोडी. डॉक्टर दचकले, हे तर वर जाणारं गाणं, यावर आपण फुली मारलेली. काका म्हणाले, आज हे ऐकू. कारण सांगितलं नाही. मला मात्र आठवड्यापूर्वी कॅम्पात काय झालं ते माहीत होतं. कानांचा नवा आलेख काढला होता आणि उरलेलंही उतरणीला लागलं होतं. यंत्राचा आवाज वाढवून बोलणं चालेल, बिनयंत्राचं मात्र जाईल, असं कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. फळीवर टाकलेल्या त्या कॅसेटीत खालचा जो काही भाग त्यांना अजून मिळणार होता तो त्यांना संपायच्या आत ऐकायचा होता.

कॅसेट लागली. संथ ख्याल झाला, बाई हळूहळू चढत गेल्या. काकांचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. मग जलद बंदिश सुरू झाली. तीन-चार आवर्तनं झाली असतील नसतील, तोच लाइट गेली. बाईंचा आवाज घसरत घसरत खाली आला आणि बंद पडला.

काकांचा हात चालूच होता.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या, हातात विळी तशीच, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. इतक्या कडक नजरेनं त्या डॉक्टरांकडे बघत होत्या की डॉक्टरांनी तोंड मिटून घेतलं. बाहेरून भाजीवाला गेला, बस गेली. काकांचा हात मांडीवर तीनताल धरून पुढं चाललेला. त्यांच्या भुवया वर जात होत्या, मान एका बाजूला कलत होती, मध्येच ओठ किंचित उघडत होते. तान आली असणार. समेवर तळहात पडला की चाचाही बरोबर मान हलवत होते, काकांच्या हाताकडे बघून. यांना पत्ताच नाही, असं मला वाटत होतं. आता डोळे उघडतील, टेपचा दिवा विझलेला दिसेल, आणि ज्या गोष्टीला ते इतकी वर्षं जपत आले ती आमच्या सगळ्यांसमोर उघडी पडेल. मी देवाला म्हणालो, बाप्पा, आधी लाइट येऊ दे.

लाइट आली नाही. काकांचा हात जलद झाला, आणखी जलद झाला, त्यांची मान वर गेली, अगदी वर, फुटपाथवर बसून ऐकलेला तो तार षड्ज असावा, आणि मग तळहात खाली येऊन समेवर बसला. मैफल संपली.

मग त्यांनी डोळे उघडले. टेपकडे बघितलंसुद्धा नाही. सदऱ्याच्या खिशात हात घातला, यंत्र बाहेर काढलं आणि डॉक्टरांच्या, चाचांच्या, सगळ्यांच्या देखत सावकाश कानात बसवलं. चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टर त्या यंत्राकडे बघत होते, आणि आपली बासरी, आपलं व्हायोलिन, एकेक आठवत असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बुडाखालचा डग्गा थांबला तेव्हाच कळलं मला," काका म्हणाले. "अर्ध्यावर काय सोडायचं? पुढचं पाठ होतं."

काका वळले ते आमच्याकडे नाही, दाराकडे.

"कशी झाली?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी विळी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"चांगली झाली," त्या म्हणाल्या. "शेवटच्या तानेला जरा घाई केलीत. बाई तिथं थांबतात."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"केली खरी," ते म्हणाले.